१९ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात झाली आणि आता सकाळी गाडीला किक मारवत नाही, यावर माझं उत्तर

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ४४, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्ट युनिटला प्रॉडक्शन मॅनेजर, एकाच ठिकाणी १९ वर्षं, सुरुवात डाइंगच्या म्हणजे रंगाईच्या लॅबमधून. पगार वेळेवर होतो, मालक बरे आहेत, घर स्वतःचं पण हप्ते अजून ६ वर्षं, मुलगी अकरावीला. तरी सकाळी कामावर जावंसं वाटत नाही. बायको म्हणते सुख टोचतंय तुम्हाला, मेव्हणा म्हणतो पुण्याला ये, आणि तुमच्या मनात आहे की सगळं सोडून बोरामणीकडं सासऱ्यांच्या शेतात हुरडा पार्टीचं सेंटर काढावं. तर काढू का, असं विचारलंय.

मी कोण ते सांगतो. सूतगिरणीत टाइमकीपर म्हणून लागलो, मग पर्सोनेल ऑफिसर झालो, मग त्याच खुर्चीला एचआर म्हणायला लागले, असे मिळून ३१ वर्षं माणसांचे अर्ज, रजा, खाडे आणि राजीनामे बघितले. रिटायर होऊन चार वर्षं झाली, आता संध्याकाळी लोकं घरी येऊन बसतात, चहा होतो, आणि पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं झालं की चाळीस-पंचेचाळीसचा माणूस हळूच तेच बोलतो जे तुम्ही लिहिलंय. आणि हुरड्याचं म्हणाल तर, हसू नका, पण दर हिवाळ्यात मला दोन-तीन जण भेटतात ज्यांना नोकरी सोडून हुरडा सेंटरच काढायचं असतं. पूर्वी सगळ्यांना रसवंती काढायची असायची.

तुम्ही विचारलंय सोडू का, आणि मला त्या आधीचं विचारायचंय की नेमकं काय आटलंय? कारण "कामात मन नाही" या एका वाक्याखाली चार-पाच वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं म्हणजे शरीर. थायरॉइड, शुगर, बी-१२, झोप, हे आधी तपासून घ्या, खरंच सांगतो. माझ्याकडं आलेला एक जण वर्षभर "जीवनाचा अर्थ" शोधत होता, त्याला घोरण्याचा आजार निघाला, रात्री झोपच पूर्ण होत नव्हती, मशीन लावल्यावर माणूस परत माणसात आला. आणि सकाळी नुसता कंटाळा नसून रडू येतंय, भूक गेलीय, कशातच रस नाही, अगदी पोरीशी बोलण्यातसुद्धा नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर मग हा करिअरचा विषय राहत नाही, डॉक्टरला भेटा. सरकारची टेलिमानस म्हणून १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं, वय. १९६५ साली इलियट जॅक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं "मिडलाइफ क्रायसिस" हा शब्द आणला, तेव्हापासून त्यावर लई लिहून झालंय. २००८ मध्ये ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सत्तरहून जास्त देशांची आकडेवारी बघून सांगितलं की माणसाचं समाधान तरुणपणी वर असतं, चाळिशीच्या मधोमध तळाला जातं आणि मग परत चढतं. यावर संशोधकांत वाद आहेत, सगळे मान्य करत नाहीत, पण मला त्यातली गंमत अशी वाटते की २०१२ साली काही जणांनी पाचशेहून जास्त चिंपांझी आणि ओरांगउटान बघितले, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्यांना विचारलं हे प्राणी किती मजेत दिसतात, तर त्यांच्यातही मधल्या वयात तसाच खड्डा दिसला. आता चिंपांझीला ना होम लोन ना अकरावीची पोरगी. म्हणून थोडा भाग नुसत्या वयाचा धरून चाला आणि त्या भागासाठी राजीनामा देऊ नका, तो आपोआप जातो.

आता तुमच्या कामाकडं येतो. तुमच्या पत्रात एक ओळ होती ती मी तीनदा वाचली. "लॅबमध्ये होतो तेव्हा शेड मॅच झाली की रात्री झोप छान लागायची." तुम्ही हे सहज लिहून पुढं गेलात, पण माझ्या मते तुमचा अख्खा प्रश्न तिथंच आहे.

बघा की, लॅबमध्ये तुम्ही काय करत होता? बायरकडून म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीकडून रंगाचा तुकडा यायचा, तुम्ही लॅब डिप म्हणजे रंगवलेला छोटा नमुना काढायचा, पिवळा जरा कमी, निळा थेंबभर जास्त, परत डिप, परत उजेडात धरून बघायचं, आणि एका क्षणी ते जुळायचं. जुळलं की नाही ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यानं कळायचं, कुणी सांगायला लागायचं नाही. मग तुम्ही चांगले होता म्हणून प्रमोशन मिळालं, मग आणखी एक, आणि आज तुमच्या हातात काय आहे? एक्सेल. मेल. कंटेनर न्हावा शेवा बंदराला वेळेत पोचला का, हेमिंगला म्हणजे कडा शिवायला माणसं कमी का, जीएसएम म्हणजे कापडाचं वजन कमी भरलं म्हणून बायरची कंप्लेंट, त्यावर उत्तर. दिवसभर तुम्ही दुसऱ्यांच्या हातातलं काम पुढं ढकलता आणि संध्याकाळी घरी जाताना "आज मी हे केलं" म्हणून बोट ठेवायला काही नसतं. प्रमोशननं पगार दिला आणि हात काढून घेतले. गिरणीच्या काळात पण हेच व्हायचं, चांगल्या विणकराला जॉबर म्हणजे मुकादम करायचे आणि तो पुढं दोन वर्षं मागाजवळनं जाताना उगाच तुटलेल्या धाग्याला गाठ मारत उभा राहायचा, त्याचं ते काम नसायचं तरी.

दुसरं टोकही तुटलेलंय. तुमचा टॉवेल कुणाच्या अंगाला लागतो ते तुम्हाला १९ वर्षांत एकदा तरी दिसलंय का? तुम्हाला बायरचा कोड माहितीय, पीओ म्हणजे ऑर्डरचा नंबर माहितीय. लॅबच्या वेळी निदान समोर मर्चंडायझर, म्हणजे बायरच्या ऑर्डरी सांभाळणारा, यायचा, "भारी जुळली बे शेड" म्हणून पाठीवर मारून जायचा. आता फक्त कंप्लेंट येते, कारण चांगलं झालं की कुणी मेल करत नाही.

यावर एक प्रयोग आहे तो सांगतो. अमेरिकेत ॲडम ग्रँट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापला. एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये पोरं माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायची, कंटाळवाणं काम, रोज नकार. त्यातल्या काहींना अशा विद्यार्थ्याशी जेमतेम पाच-दहा मिनिटं भेटवलं ज्याला त्याच देणग्यांतून स्कॉलरशिप मिळाली होती. महिन्याभरानं बघितलं तर त्या पोरांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि पैसेही दुपटीहून जास्त जमत होते. पगार तोच, खुर्ची तीच. पलीकडचं माणूस दिसलं एवढाच फरक.

आणि पगाराचंही बोलू, कारण तुम्ही लिहिलंय "मालकानं पाच हजार वाढवले तेव्हा महिनाभर बरं वाटलं". हर्झबर्गनं १९५९ मध्ये पिट्सबर्गकडच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं, की पगार, साहेब, कंपनीचे नियम या गोष्टी बिघडल्या तर माणूस वैतागतो पण त्या नीट केल्या म्हणून काम आवडायला लागत नाही, आवडतं ते काहीतरी जमल्यानं, कुणी ते ओळखल्यानं आणि कामात स्वतः काही असल्यानं. त्याच्या पद्धतीवर पुढं टीका झाली, पण ३१ वर्षांत माझ्या टेबलासमोर मी जे बघितलं ते बरंचसं तसंच होतं. पगारासाठी भांडायला आलेला माणूस पगार वाढवून गेला की सहा महिन्यांनी परत यायचा, आणि "मला सॅम्पलिंगला घ्या" म्हणून आलेला माणूस तिथं गेला की परत दिसायचाच नाही.

म्हणून पुण्याचं माझं मत सांगून टाकतो. तुमचं दुखणं पगाराचं नाही. हिंजवडीला किंवा चाकणला दीडपट पगारावर पण हेच एक्सेल उघडायचं असेल तर वर आणखी ट्रॅफिक, भाडं आणि अकरावीतली पोरगी मध्येच उचलून न्यायची. मेव्हण्याला मान द्या, नाही म्हणा.

आता हुरडा. इथं मी जरा माझीच चूक सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगताना ते सांगितलेलं बरं. मी ४२ चा असताना हेच केलं होतं. दोन मित्र आणि मी, "ट्रेनिंग आणि कन्सल्टन्सी" काढली, कारखान्यांना कामगारांचं ट्रेनिंग देऊ म्हणून, व्हिजिटिंग कार्डं छापली, सात रस्त्याला भाड्यानं ऑफिस घेतलं. मला शिकवायला आवडायचं हे खरं होतं. पण महिन्यातले तीन दिवस शिकवणं आणि सत्तावीस दिवस बिलं वसूल करत फिरणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. चौदा महिन्यांत पीएफ संपला, बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या आणि मी कमी पगारावर परत नोकरीत. त्यात कुणाचा दोष नव्हता, मित्र आजही मित्र आहेत. मी कामाच्या आवडत्या तीन दिवसांच्या प्रेमात पडून बाकीचे दिवस मोजलेच नव्हते.

हुरड्याचंही तेच. मालदांडी ज्वारीचा कोवळा हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही, शेकोटी, हे रविवारचं चित्र झालं. हुरड्याचा सीझन डिसेंबर-जानेवारी धरून किती आठवडे? बाकी वर्षभर त्या शेतात काय? ज्वारी वेळ साधून टप्प्याटप्प्यानं पेरावी लागते, पाखरं राखावी लागतात, पहाटे उठून आगट्या म्हणजे हुरडा भाजायच्या शेकोट्या पेटवायला माणूस लागतो, दोनशे लोकं जेवून गेल्यावर ताटं धुवायला माणसं लागतात आणि नेमकी त्या दिवशीच ती येत नाहीत. म्हणजे परत माणसांची हजेरीच. तुम्ही जे सोडून पळताय तेच तिथं उघड्यावर करायचं. तरी मी नको म्हणत नाही, खाली सांगतो कसं बघायचं ते.

आता करायचं काय. एक खिशातली छोटी वही घ्या, दहा रुपयांची. मोबाइलमध्ये नको, मोबाइल उघडला की तुम्ही मेल बघणार. तीन आठवडे रोज घरी जायच्या आधी दोन ओळी लिहा, आज कुठल्या वेळी घड्याळाकडं लक्ष गेलं नाही आणि कुठल्या वेळी पोटात जळलं, आणि दोन्ही वेळी समोर कोण होतं. एवढंच. विश्लेषण करायचं नाही, भावना लिहायच्या नाहीत. तीन आठवड्यांनी वाचलं की दिसतं. एका सहकारी संस्थेतल्या लेखापालानं हे केलं होतं, त्याला वाटायचं त्याला आकड्यांचाच कंटाळा आलाय, वहीत निघालं की जळजळ नेमकी एका माणसाबरोबरच्या मंगळवारच्या मीटिंगला होते आणि आकडे त्याला अजूनही आवडतात. त्यानं फक्त त्या मीटिंगला ज्युनिअरला पाठवायला सुरुवात केली. हसण्यावारी नेऊ नका, माणूस एका मंगळवारसाठी नोकरी सोडायला निघाला होता.

तुमच्या वहीत काय निघेल याचा मला अंदाज आहे, पण मी चुकू शकतो, म्हणून लिहाच.

मग मालकांकडं जायचं. आपल्याकडं बहुतेक घरगुती मालकीचे कारखाने, मालक शेजारीच बसतात, हा आपला फायदा आहे, पुण्याच्या मोठ्या कंपनीत तुम्हाला हे तीन लेव्हलवर विचारावं लागलं असतं. पगारवाढीच्या महिन्यात जाऊ नका, त्यांना वाटेल फिरवून पैसे मागतोय. आणि "मला कामात समाधान नाही" हे वाक्य तर अजिबात नको, त्यांना ऐकू येईल "मी चाललो". असं काहीतरी बोला की "अण्णा, शेडच्या रिजेक्शनमध्ये आपले पैसे जातायत, लॅबला दोन नवीन पोरं आहेत त्यांचा डोळा तयार व्हायचाय, मला आठवड्यातले दोन अर्धे दिवस लॅबमध्ये द्या, डिस्पॅचचा फॉलोअप त्या वेळात असिस्टंट बघेल, तीन महिने करून बघू, रिजेक्शनचा आकडा मी तुम्हाला दाखवतो." यात मालकाचा फायदा आहे आणि तो खराही आहे. बहुतेक मालक हो म्हणतात. नाही म्हणाले तर तेही कळलं.

दोन पोरं शिकवा यावर माझा जोर आहे त्याला कारण आहे. पंचवीस-तिशीत माणसाला स्वतः शिकण्यात मजा येते, चाळिशीनंतर तेच शिकणं मंदावतं, आणि तेव्हा आपल्याला जे येतं ते कुणाला तरी देता आलं नाही तर ते आतल्या आत आंबतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे बघा. संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस रात्री सराव चालतो, आणि त्यात सगळ्यात खुश कोण असतं तर ज्याच्या खांद्याला आता काठी झेपत नाही आणि जो बाजूला उभं राहून नव्या पोराला "कंबर सरळ ठेव, काठीकडं बघू नको" सांगत असतो तो. त्यातला एक माझ्या ओळखीचा, सरकारी कचेरीत क्लार्क होता, आयुष्यभर फायली सरकवल्या. मी विचारलं कंटाळा नाही आला का, तर म्हणाला "साहेब, कचेरी पोटासाठी, काठी माझ्यासाठी". म्हणजे सगळा अर्थ नोकरीतच सापडला पाहिजे असाही नियम नाही, आणि हे हल्ली कुणी पोरांना सांगत नाही, सगळे सांगतात पॅशन शोधा.

आता आलोच आहे गड्ड्यापर्यंत तर सिद्धरामेश्वरांची, म्हणजे ज्यांची ही यात्रा त्यांची, एक गोष्ट सांगतो, मला ती फार जवळची वाटते. बाराव्या शतकात या सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, त्यांनी तलाव खोदला, देवळं बांधली, अडुसष्ट लिंगं स्थापली, शेकडो लोकं कामाला. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या वाटेनं जाणाऱ्या संतांच्या, परंपरेत सांगतात की हे सगळं जोरात चालू असताना अल्लमप्रभू नावाचे शरण आले आणि सरळ विचारलं, कुठंय तो तुमचा माती उपसणारा? लोकं चिडली, दगड घेऊन धावली म्हणतात. पण सिद्धरामांना ते लागलं, की एवढं बांधतोय ते कशासाठी, आणि ते प्रभूंबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांकडं गेले. मला यातलं आवडतं ते असं की एवढ्या मोठ्या माणसालाही भर कामात कुणीतरी हा प्रश्न टाकला आणि त्यांनी तो टाळला नाही. आणि दुसरं असं की त्या प्रश्नानं तलाव काही बुजवला नाही. त्याच शरणांनी कायक हा शब्द दिला, म्हणजे नुसतं पोट भरायचं काम नव्हे, तर अंगमेहनतीनं, प्रामाणिकपणे केलेलं असं काम की ज्यातलं दुसऱ्यापर्यंतही पोचतं. वाचताना मला नेहमी वाटतं ग्रँटचा प्रयोग आपल्याकडं आठशे वर्षांपूर्वीच सांगून झालाय. अर्थात कायकाचं नाव घेऊन कामगाराला ओव्हरटाइम न देणारेही असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

पलीकडचं टोक जोडायला फार काही लागत नाही. तुमचा माल ज्या हॉटेलला, हॉस्पिटलला जातो त्यातलं एखादं देशातलं असेलच, कामानिमित्त गेलात तर तिथल्या लाँड्रीवाल्याशी दहा मिनिटं बोला, कितव्या धुण्याला पाइल म्हणजे टॉवेलवरचा लुसलुशीत धागा निघतो, रंग कुठं उतरतो. तो तुम्हाला जे सांगेल ते कुठल्या बायरच्या मेलमध्ये येत नाही. रेझनेव्स्की आणि डटन या दोघींनी २००१ मध्ये हॉस्पिटलच्या सफाई कामगारांबद्दल लिहिलंय, एकाच पगाराचं एकच काम, पण काही जण म्हणायचे आम्ही पुसतो, आणि काही जण पेशंटशी बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे. एक बाई तर कोमातल्या पेशंटच्या खोलीतल्या भिंतीवरच्या तसबिरी अधूनमधून बदलायची, काय माहीत फरक पडत असेल म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या कामाची कड स्वतः थोडी सरकवून घेतली होती.

एवढं सगळं सहा महिने करून पण वहीत रोज जळजळच असेल तर मग सोडायचा विचार करा. आणि काही बाबतीत सहा महिने पण थांबू नका, म्हणजे पगार अडकायला लागले, चारचौघांत अपमान होतोय, किंवा खोट्या कागदावर सही मागतायत. तुमच्याकडं तसं काही दिसत नाही.

सोडायचंच झालं तर हिशोब असा. वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते बाजूला पाहिजेत, त्यात पीएफ धरू नका. ग्रॅच्युइटीचं सूत्र शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा बेसिक-डीए ३२ हजार असेल तर १९ वर्षांचे साधारण साडेतीन लाख होतात, ते हक्काचे. तुमची १० वर्षांच्या वर सर्व्हिस झालीय म्हणून ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन ५८ ला मिळेल, ५० नंतर आधी पण घेता येतं पण दरवर्षाला ४ टक्के कापतात, आणि रक्कम फार नसते, त्यावर घर चालेल असं धरू नका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सोडल्या दिवशी संपतो, म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी काढा, कारण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. हे शेवटचं लोकं हमखास विसरतात आणि मग अँजिओप्लास्टीच्या वेळी शेत विकतात.

आणि हुरड्याचं बघायचं कसं, तर येत्या सीझनला ज्याचं सेंटर चालू आहे अशा ओळखीच्या माणसाकडं चार रविवार फुकट राबा. गिऱ्हाईक म्हणून जायचं नाही, गल्ल्यावरही बसायचं नाही. पहाटे पाचला आगटी पेटवायला जा आणि शेवटची पंगत उठल्यावर भांड्यांपाशी उभे राहा. वही तीच, ओळी दोनच. वहिनींना पण चौथ्या रविवारी घेऊन जा, कारण पुढं सत्तर टक्के कष्ट त्यांच्याच वाट्याला येणार आहेत आणि तुमच्या पूर्ण पत्रात त्यांना काय पाहिजे याची एकही ओळ नाही.